गोल्डफिश का मरतो? टाकीतल्या नायट्रोजनचा हिशोब

इंग्लंडमधला टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगला. १९५६ साली एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला हा मासा १९९९ मध्ये गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. तो अपवाद आहे हे मान्य. पण नीट सांभाळलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज जगतो. आता ओळखीच्या चार घरांत विचारून बघा. "आणला होता हो, महिनाभरात गेला. दुसरा आणला, तोही गेला."

का गेला, यावर ठरलेलं उत्तर म्हणजे "पाणी घाण झालं असेल". मग पुढचा मासा आणल्यावर घरातले लोक जास्त काळजी घेतात. दर रविवारी मासा बादलीत, टाकी रिकामी, खडे घासून स्वच्छ, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून पांढरा, आणि मग काठोकाठ ताजं पाणी. टाकी काचेसारखी चमकते आणि मासा पुन्हा मरतो. त्यावरून निष्कर्ष निघतो की अजून स्वच्छता हवी होती.

संशोधनाकडे वळणाऱ्यांनी या चक्राकडे नीट बघावं असं मला वाटतं. इथे उपायच आजार वाढवतोय, आणि प्रत्येक अपयश त्याच उपायावरचा विश्वास घट्ट करतंय. यातून बाहेर पडायला पाणी डोळ्यांनी न बघता त्याचा हिशोब मांडावा लागतो.

मध्यम आकाराच्या गोल्डफिशला दिवसाला अर्धा ग्रॅम खाद्य दिलं असं धरू. खाद्याच्या डब्यावर प्रथिनं ४० टक्के लिहिलेली असतील तर ०.२ ग्रॅम प्रथिन झालं. प्रथिनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे ३२ मिलिग्रॅम. त्यातला निम्मा मासा अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो असं गृहीत धरू (मत्स्यपालनात वापरतात तो आकडा याहून किंचित जास्तच येतो). हा अमोनिया बहुतांश कल्ल्यांतून थेट पाण्यात जातो, त्यामुळे विष्ठा काढून टाकली तरी फार फरक पडत नाही. उरले रोजचे १६ मिलिग्रॅम. दहा लिटरच्या गोल बाऊलमध्ये हे लिटरला १.६ मिलिग्रॅम होतात, तर ऐंशी लिटरच्या टाकीत ०.२. मासा तोच, खाद्य तेच. गोल्डफिशला मोठी टाकी लागते ती फिरायला जागा हवी म्हणून, हे खरंच. पण त्याआधी ती लागते या भागाकारासाठी.

आता या आकड्याचा अर्थ काय ते बघू. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो: भार असलेला अमोनियम आणि भार नसलेला मुक्त अमोनिया. दुसरं रूप जास्त विषारी, कारण ते कल्ल्यांच्या पेशींमधून सहज आत शिरतं. दोघांचं प्रमाण पीएच आणि तापमान ठरवतं. पंचवीस अंशाला पीएच ७ असेल तर मुक्त रूप जेमतेम अर्धा टक्का असतं. पीएच ८ झाला की ते सव्वापाच टक्क्यांच्या वर जातं, म्हणजे जवळजवळ दहापट. लिटरला ०.०५ मिलिग्रॅम मुक्त अमोनियाच्या पुढे कल्ल्यांना इजा होऊ लागते, असं माशांच्या आरोग्यावरच्या लिखाणात धरतात. वरच्या बाऊलमध्ये पीएच ८ असेल तर पहिल्याच दिवशी ०.०८ च्या वर आकडा जातो. पीएच ७ असेल तर ०.०१ सुद्धा होत नाही.

दुकानात मिळणारा टेस्ट किट दोन्ही रूपांची बेरीज दाखवतो. म्हणजे पीएच न मोजता अमोनियाचं रीडिंग घेतलं तर अर्धीच माहिती हातात येते. आपल्याकडे बेसॉल्ट खडकातलं बोअरचं पाणी बरेचदा जड आणि आम्लारीधर्मी असतं. त्यामुळे एकाच सोसायटीत, एकाच दुकानातून आणलेल्या दोन माशांचं नशीब वेगळं निघू शकतं: एका घरी बोअरचं पाणी, दुसऱ्या घरी पालिकेचं. आपण मोजतो ती राशी आणि परिणाम घडवणारी राशी एकच आहे का, हा प्रश्न तुमच्या सिनॉप्सिसवर कुणी ना कुणी विचारणारच आहे. टाकीवर सराव करून घ्या.

जुन्या टाकीतला मासा मग जगतो कसा? फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर जो बुळबुळीत तपकिरी थर असतो, त्यातले सूक्ष्मजीव अमोनियाचं नायट्राइट करतात आणि नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट बरंच सौम्य, ते दर आठवड्याला थोडं पाणी बदलून काढता येतं. हा थर नव्या टाकीत तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरत असताना नायट्राइट चढतं. "महिनाभरात गेला" मधला महिना बहुधा इथून येतो. आणि रविवारच्या साफसफाईत आपण घासून टाकतो तो हाच थर. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, जे जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं.

हे सूक्ष्मजीव नेमके कोण, हा माझ्या आवडीचा भाग आहे. (माझं स्वतःचं काम सांडपाण्यातल्या जिवाणूंवर आहे, त्यामुळे इथे थोडा रेंगाळणार.) पाठ्यपुस्तकात तुम्ही वाचलं असेल: नायट्रोसोमोनास पहिली पायरी करतो आणि नायट्रोबॅक्टर दुसरी. विनोग्राडस्कीने १८९० च्या सुमारास मातीतून असे जिवाणू वेगळे केले, तेव्हापासून ही जोडी चालत आली. १९९६ मध्ये होवानेक आणि डीलाँग यांनी मत्स्यालयांच्या फिल्टरमधले जिवाणू प्लेटवर न वाढवता त्यांच्या आरएनएवरून शोधले, तर गोड्या पाण्याच्या टाक्यांत नायट्रोबॅक्टर सापडेचना. दोन वर्षांनी दुसऱ्या पायरीवर नायट्रोस्पायरासारखे जिवाणू दिसले. २००५ मध्ये सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतून अमोनिया वापरणारा एक आर्किया वेगळा केला गेला. २०११ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाच्या गटाला गोड्या पाण्याच्या बहुतेक फिल्टरमध्ये पहिल्या पायरीवर आर्कियांचंच वर्चस्व दिसलं. २०१५ मध्ये तर दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा नायट्रोस्पायरा सापडला. दोन गटांनी तो एकाच वेळी जाहीर केला. त्यातल्या नेदरलँड्समधल्या गटाने तो मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच मिळवला होता.

शंभर वर्षं हे दिसलं नाही, कारण प्रयोगशाळेत नायट्राइट भरपूर घालून जिवाणू वाढवले की नायट्रोबॅक्टर पुढे जातो. फिल्टरमध्ये नायट्राइट अगदी कमी असतं, तिथे कमी खाऊन तग धरणारा नायट्रोस्पायरा टिकतो. वाढवण्याची पद्धतच उत्तर निवडत होती. घरच्या टाकीसाठी याचा उपयोग सरळ आहे: बाटलीतल्या "बॅक्टेरिया"वर पैसे घालण्याआधी एखाद्या निरोगी जुन्या टाकीतला वापरलेला स्पंज मागून आणा. त्यात कोण आहे हे ओळखायची गरजच नाही, ते तिथे टिकलेत हे पुरेसं आहे.

पण मग लोक म्हणतात, "आमच्याकडे बाऊलमध्येच वर्षभर जगला की." जगला असेल. गोल्डफिश विलक्षण चिवट आहे. ऑक्सिजन नसताना स्नायूंतल्या लॅक्टिक आम्लाचं इथेनॉल करून ते कल्ल्यांवाटे बाहेर सोडण्याची सोय त्याच्याकडे आहे, आणि थंड पाण्यात तो अशा अवस्थेत बराच काळ काढू शकतो. अशा प्राण्यात "जिवंत आहे" हा निकष फारच ढोबळ ठरतो. वाढ खुंटणं, पंख मिटून तळाशी बसणं, पृष्ठभागावर येऊन तोंड उघड-मीट करणं, या खुणा आधी येतात. मे महिन्यात त्या जास्त दिसतात: वीस अंशाच्या पाण्यात लिटरला साधारण ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तिशीला साडेसात, आणि उष्णतेने माशाची गरज मात्र वाढलेली असते.

स्पंज नळाखाली धुण्याने खरंच इतका फरक पडतो का, हे स्वतः तपासायचं असेल तर माशाचा जीव पणाला लावू नका. जुन्या टाकीतल्या स्पंजाचे सारखे सहा तुकडे करा. तीन नळाखाली खसखसून धुवा, तीन टाकीच्याच पाण्यात हलके पिळा. जोडीला तीन कोरे तुकडे कंट्रोल म्हणून. प्रत्येकाला वेगळी बादली, दहा लिटर क्लोरीन काढलेलं पाणी, एअर पंप आणि ७६ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅम नायट्रोजन होतो. रोज एका ठरावीक वेळी अमोनिया, नायट्राइट आणि पीएच मोजा. कुठल्या बादलीत काय आहे हे रीडिंग घेणाऱ्याला सांगू नका, किटचे रंग जुळवताना डोळा आपल्याला हवं तिकडे झुकतो.

बाकी रोजच्या गोष्टी थोडक्यात. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलायचं, सगळं नाही. नव्या पाण्यातलं क्लोरीन दिवसभर हवा सोडून उडतं किंवा थायोसल्फेटने लगेच जातं. जिथे क्लोरामाइन वापरतात तिथे नुसतं पाणी ठेवून भागत नाही. स्पंज पिळायचा तो काढलेल्या जुन्या पाण्याच्या बादलीत. खाद्य मिनिट-दोन मिनिटांत संपेल इतकंच. सुरुवातीच्या आठवड्यांत नायट्राइट चढलं तर चिमूटभर साधं मीठ कामी येतं: कल्ल्यांत नायट्राइट ज्या वाटेने शिरतं त्याच वाटेवर क्लोराइड त्याच्याशी स्पर्धा करतं. मिठाने नायट्राइट नाहीसं होत नाही, ते फक्त आत कमी जातं.

आणि लोडशेडिंग. फिल्टर बंद पडला की स्पंजातल्या सूक्ष्मजीवांचा ऑक्सिजनही थांबतो. लाइट तास-दोन तासांत येणार असेल तर काही करू नका. त्याहून लांबणार असं दिसलं तर स्पंज बाहेर काढून सरळ टाकीच्या पाण्यात सोडा आणि बॅटरीवरचा छोटा एअर पंप त्याच्याजवळ लावा. फिल्टर बंद डब्याचा असेल तर लाइट आल्यावर आत साचलेलं पाणी आधी ओतून टाका, मगच तो सुरू करा. त्या दिवशी माशाला खायला घालू नका.