आजीची डे-लिली

इंदूरचं जुनं घर विकलं तेव्हा आजीचा एकच हट्ट होता, डे-लिलीचा गड्डा सोबत न्यायचा. मी तो फ्लॅटच्या गॅलरीतल्या कुंडीत चांगला खोल पुरला. पावसाळ्यात निम्मा कुजला. आजी काहीच बोलली नाही, तेच जास्त लागलं.

मग तिनंच सांगितलं: कुजकं कापून टाक, पानं फुटतात तो भाग जेमतेम इंचभर मातीखाली ठेव, पाणी साचू देऊ नकोस, पाच-सहा तास ऊन हवंच. (घरी मांजर असेल तर लावूच नका, तिला ही विषारी.)

यंदा दांड्यावर नऊ कळ्या आल्या. फूल एकच दिवस टिकतं. दुसऱ्या सकाळी पुढची कळी. आजी चहाआधी मोजून येते. बडोद्याच्या आत्यानं फुटवा मागितलाय. आजी म्हणते, “पावसाळा संपू दे, मग बघू.”