वजन, छाप आणि खात्री

१९५०च्या दशकात मराठी घरात भांडं घेतलं जायचं ते वजनावर. पातेलं, तपेली, घंगाळ, कळशी यांना नगावर किंमत नसे. दुकानदार भांडं तागडीत टाकायचा, शेराचा भाव सांगायचा आणि घडणावळ वेगळी लावायचा. घेणारी बाई काठ चिमटीत धरून पत्र्याची जाडी बघे, बोटाच्या पेराने वाजवून बघे, जोड कुठे दिलाय ते चाचपून बघे. हे सगळं ती आईकडून किंवा सासूकडून शिकलेली असायची. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून आणलेलं भांडं असेल तर मठाराच्या ठोक्यांवरून कारागिराचा हातही ओळखला जाई. मग त्यावर नाव घालायचं, तारीख घालायची. पुढे कितीही वर्षांनी ते भांडं चेपलं, गळू लागलं तरी मोडीत धातूचा भाव यायचाच. जायची ती घडणावळ आणि थोडी घट. वस्तू घेतानाच तिची परतीची किंमत ठाऊक असलेली ती खरेदी होती.

तिथून आजपर्यंतच्या घरगुती खरेदीचा आणि बचतीचा मागोवा घेतला, तर एक प्रश्न सारखा समोर येतो: वस्तू चांगली आहे, पैसा सुरक्षित आहे, याची खात्री कोण देतं? पितळेच्या पातेल्याची खात्री त्याचं वजनच देत होतं. पुढे ही खात्री कधी कंपनीच्या नावाकडे गेली, कधी सरकारी शिक्क्याकडे, कधी ग्राहकांनी स्वतः उभ्या केलेल्या संघटनांकडे. प्रत्येक बदलात काही हाती आलं आणि काही सुटलं.

पहिला मोठा बदल मोजमापाचा. १ एप्रिल १९५७ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि तो पाव पैसा कोणाच्या खिशात जायचा यावर दुकानादुकानांत वाद झाले. १९५६च्या वजनमापांच्या कायद्यानंतर शेर-मण जाऊन किलो-ग्रॅम आले. नव्या आकड्यांनी जुन्या माणसांची पंचाईत झाली हे खरं. पण पायली गावागणिक वेगळी असायची आणि मापाने घेताना शीग किती लावायची हे विकणाऱ्याच्या मर्जीवर असायचं. सगळ्यांना एकच वजन मिळालं तेव्हा भाव खऱ्या अर्थाने तोलून बघता येऊ लागला. चारआठ आणे वाचवण्यासाठी दोन दुकानं फिरणाऱ्या घरांना याचा जेवढा उपयोग झाला, तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल.

पितळेची जागा स्टीलने घेतली ती १९६०-७०च्या दशकांत. जड हंडे-कळश्या मोडीत गेल्या आणि त्या पैशांत स्टीलचे डबे, ताटं, वाट्या आल्या. आज त्याच पितळेची किंमत बघून हळहळणारे पुष्कळ भेटतात. ही हळहळ अर्धीच खरी आहे. पितळेच्या पातेल्यात चिंच-आमसुलाची आमटी कळकायची, म्हणून कल्हई लागायची. कल्हईवाला दारात भाता लावून बसे, नवसागर आणि कथिलाच्या धुराने अंगण भरून जाई, आणि काही महिन्यांनी पुन्हा तेच. रोजच्या रोज चिंच आणि राखेने भांडी घासून ज्यांचे हात झिजले, त्या बायकांना स्टील म्हणजे सुटका वाटली. वस्तू किती टिकते याबरोबर ती वापरताना कोणाचे कष्ट किती जातात, हेही मोलात धरायला हवं. त्या हिशेबात स्टीलचा सौदा वाईट नव्हता. वाईट एवढंच झालं की वजनावर घेण्याची सवय त्याबरोबर गेली. नगावर मिळणारं पातळ बुडाचं पातेलं स्वस्त म्हणून घरात आलं, दूध करपू लागलं आणि दोन-चार वर्षांत दुसरं आणावं लागलं.

त्याच काळातली मिक्सरची गोष्ट अधिक बोलकी आहे. मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणारे अभियंते सत्यप्रकाश माथुर यांच्या घरातला जर्मन बनावटीचा मिक्सर बंद पडला. दुरुस्तीची सोय इथे नव्हती. मुळात तो युरोपातल्या स्वयंपाकघरासाठी बनवलेला. ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, कोरडा मसाला वाटण्याचा भार त्याच्या मोटरला पेलणारा नव्हता. माथुरांनी आपल्या वाटणाला टिकेल अशी मोटर बनवली आणि १९६३मध्ये ‘सुमीत’ जन्माला आला. पुढची काही दशकं मध्यमवर्गीय घरांत पाटा-वरवंटा मागे पडला तो या यंत्रामुळे. परदेशी माल म्हणजे चांगला माल, असं मानण्याचे ते दिवस होते. चांगल्या वस्तूची परीक्षा आपल्या चटणीवर व्हायला हवी, हे त्या मिक्सरने घरोघरी दाखवून दिलं.

कुकरची कथाही याला जवळची. १९५९मध्ये सुरू झालेल्या हॉकिन्सचा किंवा प्रेस्टिजचा कुकर वीस-पंचवीस वर्षं वापरलेली घरं आजही सापडतात. त्यामागे धातूच्या जाडीइतकंच आणखी एक कारण आहे. रिंग, शिट्टी, सेफ्टी व्हॉल्व्ह, दांडा हे सुटे भाग तालुक्याच्या भांड्यांच्या दुकानातही मिळत राहिले. सुटा भाग मिळत नसेल तर उत्तम वस्तूही एका रबरी रिंगेपायी भंगारात जाते.

मात्र या सगळ्या काळाला टंचाईची एक काळी किनार होती. १९७२मध्ये बाजारात आलेल्या बजाज चेतकसाठी ग्राहक वर्षानुवर्षं रांगेत असत. पैसे भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची. गाडी मिळाली की ती लगेच ‘ऑन’ घेऊन विकता यायची, कारण वापरलेली स्कूटर नव्यापेक्षा महाग जाई. अशा बाजारात ग्राहकाला निवड नसते, म्हणून तक्रारही नसते. ‘पूर्वीच्या वस्तू टिकायच्या’ असं म्हणताना हेही आठवायला हवं की त्या टिकवाव्याच लागत. दुसरी कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. चेतकला तिरकी करून मग किक मारणारे मालक हौसेने ते करत नव्हते.

१९७२चाच दुष्काळ आणि त्यासोबतची महागाई यांनी ग्राहकाला रस्त्यावर आणलं. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या नेत्यांच्या पुढाकाराने महागाई प्रतिकार संयुक्त स्त्री समिती उभी राहिली आणि मुंबईत बायकांचे लाटणं मोर्चे निघाले. तेल, रवा, साखर, रॉकेल यांची साठेबाजी हा राजकारणाचा विषय झाला तो या बायकांमुळे. पाठोपाठ १९७४मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली आणि १९७५मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली.

मुंबई ग्राहक पंचायतीची पद्धत या मागोव्यातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्ट आहे. शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करतात. महिन्याची यादी आधी भरायची, पैसे भरायचे. संस्था घाऊक बाजारातून, उत्पादकाकडून माल घेते, पारखते, आणि ठरलेल्या दिवशी तो एका सभासदाच्या घरी उतरतो. बाकीचे येऊन आपापला वाटा मोजून नेतात. दुकान नाही, जाहिरात नाही, शोकेस नाही. महिनाभर आधी यादी करावी लागते, म्हणून घरात खरोखर किती डाळ, किती तेल लागतं हे कळतं आणि दुकानात गेल्यावर हात पुढे करून उचललेल्या चार वस्तू आपोआप गळतात. एकट्या बाईने काठ चिमटीत धरून जी पारख करायची, तीच हजारो कुटुंबांनी मिळून केली. पत्नी, पती, मुलं सगळे वाटपाला येतात आणि तूरडाळीचा दाणा चांगला की वाईट याची चर्चा दिवाणखान्यात होते. ग्राहक शिक्षणाचा याहून चांगला वर्ग दुसरीकडे भरलेला नाही.

कायदा यानंतर आला. २४ डिसेंबर १९८६ला ग्राहक संरक्षण कायदा झाला, जिल्ह्याजिल्ह्यांत ग्राहक मंच आले, आणि वकील न लावता साध्या अर्जावर दाद मागता येऊ लागली. १९९०पासून वेष्टनावर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. ‘स्थानिक कर वेगळे’ या तीन शब्दांवर होणारी लूट त्याने थांबवली.

वस्तूंच्या बाबतीत मराठी माणूस असा हळूहळू शहाणा होत असताना पैशाच्या बाबतीत मात्र तो नावावर विसंबून राहिला. १९६४मध्ये स्थापन झालेल्या युनिट ट्रस्टची ‘यूएस-६४’ योजना निवृत्तांची लाडकी होती. सरकारी म्हणजे सुरक्षित, असं गृहीत धरलं गेलं. युनिटची खरेदी-विक्रीची किंमत तिच्यामागच्या मालमत्तेच्या खऱ्या मूल्याशी बांधलेली नव्हती, हे फारच थोड्यांनी लक्षात घेतलं. जुलै २००१मध्ये युनिटची विक्री आणि पुनर्खरेदी अचानक थांबवण्यात आली आणि कोट्यवधी गुंतवणूकदारांचे पैसे अडकले. शेवटी सरकारला धावून यावं लागलं.

सहकारी बँकांचं दुःख आणखी घरचं. कोपऱ्यावरची शाखा, ओळखीचा व्यवस्थापक, राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा थोडं जास्त व्याज. १९१२मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३मध्ये निर्बंध आले आणि २०२२मध्ये तिचा परवाना गेला. २३ सप्टेंबर २०१९ला पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी (पीएमसी) बँकेवर निर्बंध लागले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. लग्नाचे, औषधपाण्याचे, फीचे पैसे त्यात अडकले. बँकेच्या कर्जांचा फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे होता. ठेवीदारांना ते समजायचा मार्ग नव्हता, त्यामुळे दोष त्यांना देणं अन्यायाचं आहे. देखरेख करणाऱ्यांनी ते वेळेत पाहायला हवं होतं.

ठेवीदाराच्या हातात होती ती एकच गोष्ट, आणि तिच्याबद्दल बँकांनी कधी ठळक अक्षरांत सांगितलं नाही. ठेव विम्याची मर्यादा १९९३पासून १ लाख रुपये होती. पीएमसीच्या प्रकरणानंतर, ४ फेब्रुवारी २०२०ला ती ५ लाख झाली. ती एका ठेवीदाराला एका बँकेत लागू होते. त्याच बँकेच्या वेगवेगळ्या शाखांतली खाती एकत्र मोजली जातात आणि व्याजही त्यातच धरलं जातं. २०२१च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद झाली. निवृत्तीची सगळी पुंजी एकाच बँकेत असलेल्यांनी हे एवढं तरी वाचावं.

हप्त्यांचंही तसंच. ‘शून्य टक्के व्याज’ या पाटीने शोरूम भरून गेली, तेव्हा सप्टेंबर २०१३मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना बजावावं लागलं की शून्य टक्के असं काही नसतं. व्याज किमतीत किंवा प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं. समजा, फ्रिजची किंमत ३०,००० रुपये. रोख घेतला तर २,००० सूट. बारा हप्त्यांत घेतला तर सूट नाही आणि वर ५०० रुपये शुल्क. म्हणजे रोख किमतीतून शुल्क वजा जाता २७,५०० रुपयांची उधारी आणि परतफेड २,५०० रुपये महिना. हा दर वर्षाला सोळा टक्क्यांच्या आसपास जातो. फ्रिज वाईट नसतो, हप्ताही पाप नाही. पण पाटीवरचा आकडा खोटा असतो आणि तो तपासायला पाचवीचं गणित थोडं ताणलं तरी पुरतं.

जास्त किंमत देऊन स्वस्त पडणारी वस्तूही आता याच गणिताने शोधावी लागते. साधा पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा सुमारे ३०. दिवसाला बारा तास, वर्षाला तीनशे दिवस चालला तर १६० युनिटांच्या आसपास बचत होते. आठ रुपये युनिट धरलं तर १,३०० रुपये. पंख्याच्या किमतीतला फरक सव्वा-दीड वर्षात निघून येतो. एलईडी दिव्यांत हेच आणखी मोठ्या प्रमाणावर घडलं: सरकारी एकत्रित खरेदीत २०१४च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा दिवा २०१६पर्यंत ३८ रुपयांवर आला. ग्राहक पंचायतीच्या संघाने तूरडाळीत जे केलं, ते इथे देशाच्या पातळीवर झालं.

शिक्क्यांवर मात्र डोळे मिटून विसंबता येत नाही. २०२१पासून कुकरला आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. तरीही ऑनलाइन बाजारात बिनशिक्क्याचे कुकर विकले गेले. ऑगस्ट २०२२मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अ‍ॅमेझॉन आणि फ्लिपकार्ट यांना प्रत्येकी १ लाख रुपये दंड केला. अ‍ॅमेझॉनवरून असे २,२६५ कुकर गेले होते. ग्राहकांना पैसे परत करायलाही सांगितलं गेलं. दंडाची रक्कम या कंपन्यांच्या उलाढालीपुढे किरकोळ आहे. फुटणाऱ्या कुकरपुढे उभं राहणाऱ्या बाईच्या जिवाची ही किंमत असेल, तर ती फार कमी आहे.

सोन्याचं हॉलमार्किंग जून २०२१पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक नसलेला दागिना विकायला दुकानदाराला मनाई आहे. बावीस कॅरेटवर ९१६चा आकडा असतो. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो एचयूआयडी टाकला की सराफाची नोंद, तपासणी केंद्र आणि शुद्धता दिसते. आजीच्या जुन्या पाटल्यांवर हा शिक्का नसेल तरी त्या सराफाला विकता येतात. हवं तर शुल्क भरून मान्यताप्राप्त केंद्रात त्या आधी तपासून घेता येतात, आणि मोडीचा भाव ठरवायला बसण्यापूर्वी तो कागद हातात असलेला बरा.