उद्योग टिकतो कोणाच्या हातावर?

आमच्या वाणिज्य शाखेच्या पुस्तकात 'मनुष्यबळ व्यवस्थापन' हे प्रकरण भरती, पगार आणि रजा यांतच आटोपते. उद्योगाची शाश्वतता हे प्रकरण निराळे. तेथे धूर, पाणी आणि झाडे. ही दोन्ही एकाच कामाची अंगे आहेत, हे मला गेल्या दिवाळीच्या सुट्टीत उद्यमबागेतील एका फाउंड्रीत उमगले.

माझे मामा तेथे सुपरवायझर आहेत. साचे करणारा एक जुना कारागीर निवृत्त झाला आणि त्याच्या जागी ठेकेदाराची मुले आली. तीही तीन-चार महिन्यांत बदलत. लवकरच कास्टिंगमध्ये पोकळ्या निघू लागल्या. साच्याच्या वाळूत ओल जास्त राहिली की तप्त रसाने तिची वाफ होते. बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूत अडकते. ओल मोजायचे उपकरण होते, पण ते दिवसातून एकदा वापरीत. म्हातारा दर साच्याला वाळू मुठीत दाबून पाही.

"ते बघून शिकायचं असतंय रे. त्याच्याजवळ कुणाला बसवलंच नाही," मामा म्हणाले.

नापास कास्टिंग पुन्हा भट्टीत जाते. त्याच लोखंडासाठी वीज दोनदा जळते. छपरावरची सौर तावदाने मात्र पाहुण्यांना आवर्जून दाखवीत!

बेळगावला याची दुसरी बाजूही ठाऊक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली येथे सायकलचे दुकान काढले. पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर केले. नगरपालिकेने जागा सोडायला लावली, तेव्हा १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी नवा संसार मांडला. कामगार कुटुंबकबिल्यासह बरोबर गेले. गाव बदलले, पण शिकलेले हात तेच राहिले.

आज सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्यात वीज-पाण्याबरोबर प्रशिक्षण आणि अपघातही विचारतात, हे चांगलेच. पण नोकरी सोडून जाण्याचे प्रमाण विचारतात ते कायम कामगारांचे. ठेक्यावरची मुले किती आली, किती गेली, हा रकाना त्यात नाही. आमच्या फाउंड्रीला तर तो अहवालही लागू नाही.

आता म्हाताऱ्याला आठवड्यातून दोन दिवस बोलावतात. चार मुले त्याच्याजवळ बसतात.

"त्यांना कायम करणार काय?" मी मामांना विचारले.

"ठेका मार्चपर्यंत आहे," ते म्हणाले.