चाकांवरच्या घराची बेगमी

आमच्या मिनेसोटात ऑक्टोबर सरत आला की चाकांवरची घरे दावणीला बांधली जातात. ओटा, बिछाने, न्हाणी असा सगळा संसार पोटात घेऊन उन्हाळाभर हिंडणाऱ्या या गाड्यांना इथे 'आरव्ही' म्हणतात. एप्रिलपर्यंत त्या अंगणात बर्फ झेलत उभ्या. नळात पाणी गोठू नये म्हणून मंडळी केवढा आटापिटा करतात! बॅटरीची आठवण मात्र पुष्कळांना वसंतातच होते, आणि मग बोल लावला जातो तो थंडीला.

माझ्या मते थंडी बिचारी निर्दोष आहे. शिसे आणि आम्लाची नेहमीची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर उणे ५० अंश सेल्सिअसलाही गोठत नाही. उतरली की आतले आम्ल जवळजवळ पाणीच होते, आणि उणे ७-८ अंशांतच त्याचा बर्फ होऊन कवच तडकते. इथे उणे २० ही काही अपूर्वाईची रात्र नव्हे.

दिवे तर सगळे मालवलेले, मग ती उतरते कशी? गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र, रेडिओतले घड्याळ हे रात्रंदिवस घोटघोट पीत असतात. अँपिअरचा दहावा हिस्सा म्हटला तरी महिन्याला ७२ अँपिअर-तास झाले. एखादी बॅटरी तेवढ्यात संपत येते. शिवाय उपाशी बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचे खडे धरतात, ते मग सुटता सुटत नाहीत. म्हणून मी आधी बॅटरी भरून घेतो, पाण्याची पातळी पाहून लागेल तेवढे डिस्टिल्ड वॉटर घालतो आणि ऋण टोकाची तार काढतो. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण काही यंत्रे त्याला वळसा घालून थेट जोडलेली असतात. महिन्याने मीटर लावायचा: १२.६ व्होल्ट असले तर ठीक, १२.४ ला आले की पुन्हा चार्जर. चार्जर मात्र भरल्यावर आपणहून हात आखडता घेणारा हवा; सतत रेटणारा जुना चार्जर पाणी उकळून टाकतो. (सिमेंटच्या जमिनीवर ठेवल्याने बॅटरी उतरते, ही रबरी कवचांच्या काळातली समजूत.) लिथियमची तऱ्हा निराळी, शून्याखाली तिला चार्ज करू नये.

पुण्याहून मुलांकडे सहा महिने येणाऱ्या आईवडिलांची मोटारही अशीच सोसायटीत उभी असते. तिथे बर्फ नाही, पण उष्म्यात बॅटरी आपणहून लवकर उतरते. शेजाऱ्याला 'आठवड्यातून पाच मिनिटे सुरू करा' सांगून जाण्यात फारसा अर्थ नाही. स्टार्टरने घेतलेलेही तेवढ्यात जेमतेम भरून निघते. अर्धा तास फिरवून आणणारा कोणी नसेल, तर तिथेही तार काढलेली बरी. मग रिमोटने दार उघडत नाही, तेव्हा साधी किल्ली कुठे आहे ते निघण्यापूर्वीच पाहून ठेवावे.