संगणकाआधी हिशेबाची घडी बसवा

सोलापुरातील अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीत टॉवेल-चादरीचा एखादा छोटा कारखाना घ्या. सूत उधारीवर येते, रंगायला जाते, मागावर चढते आणि तयार माल परगावच्या व्यापाऱ्याकडे रवाना होतो. कोणाकडे किती बाकी, रंगायला किती सूत गेले, कामगाराने उचल किती घेतली, हे सारे मालकाच्या डोक्यात आणि मुनीमजींच्या वहीत. मालक अंथरुणाला खिळला की मुलांना ना येणे कळते, ना देणे.

यावर उपाय म्हणून पुष्कळजण थेट संगणक आणतात. चार महिन्यांत त्यावर कापड पडते आणि वही पुन्हा बाहेर निघते. दोष यंत्राचा नसतो. माहितीची व्यवस्था टप्प्याटप्प्याने उभी करावी लागते आणि पहिलाच टप्पा गाळला जातो.

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरचे उदाहरण बोलके आहे. १९९८ साली तेथील सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे निघाली. बाजारभाव, शेतीसल्ला, शिक्षण असे पुष्कळ बेत होते. प्रत्यक्षात शेतकरी मुख्यतः आपल्या उसाचा आणि खताचा हिशेब पाहायला येत. पुढे संशोधकांनी सात गावांत हीच माहिती साध्या मोबाइलवर संदेशाने देऊन पाहिली आणि काम भागले. गरज नेमकी कळली की साधनही स्वस्त मिळते.

तेव्हा क्रम असा ठेवावा.

पहिला टप्पा गरज ओळखण्याचा. मालक, मुनीम आणि कामगार यांनी एकत्र बसून रोज अडणारे पाच प्रश्न कागदावर लिहावेत.

दुसरा टप्पा मांडणीचा. सूत आत आल्यापासून पैसे हाती येईपर्यंत कोणती नोंद कोणी, केव्हा करायची हे ठरवावे. प्रत्येक गिऱ्हाइकाला आणि मालाच्या प्रत्येक जातीला एकच नाव किंवा नंबर द्यावा. एकच व्यापारी तीन नावांनी लिहिला गेला तर बाकी कधीच जुळणार नाही.

तिसरा टप्पा साधन निवडण्याचा. तयार प्रोग्राम चालत असेल तर नवा करून घेऊ नये. मात्र १ जुलै २०१७ पासून जीएसटी लागू आहे. आपले बिल विवरणपत्रात आले नाही तर खरेदीदाराला कराची वजावट मिळत नाही. तो दुसरीकडे वळतो. ही सोय आधी पाहावी.

चौथा टप्पा चाचणीचा. मागच्या एका महिन्याची जुनी बिले भरून पाहावीत. वहीची बेरीज आणि यंत्राची बेरीज एक आली पाहिजे.

पाचवा टप्पा बदलाचा. निदान दोन महिने वही आणि संगणक दोन्ही चालवावेत. मुनीमजींना बाजूला सारू नये, त्यांनाच शिकवावे. धंद्यातील खाचाखोचा त्यांनाच ठाऊक असतात.

शेवटचा टप्पा देखभालीचा, तो कधी संपत नाही. रोजच्या नोंदींची एक प्रत कारखान्याबाहेर ठेवावी आणि घरातील आणखी एकाला ती उघडता यावी.

आपल्यासाठी ही बाब केवळ नफ्यातोट्याची नाही. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहिण्याची आणि साक्षीदार ठेवण्याची ताकीद आहे. दुकानातील माल आणि येणे-देणे ठाऊक नसेल तर जकातीचा आकडा अंदाजपंचे निघतो. माणूस वारल्यावर वारसांत वाटणी होण्यापूर्वी त्याचे कर्ज फेडायचे असते. नोंदच नसेल तर ते फेडणार कसे?

तेव्हा बांधवांनो, संगणकाची किंमत विचारण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि ते पाच प्रश्न लिहा. तेवढे झाले की पुढचे टप्पे इन्शाअल्लाह सोपे होतील.