औषध मंजूर होते म्हणजे काय?

माझा थोरला चुलतभाऊ २०१४ च्या पावसाळ्यात क्षयाने गेला. तो खडी क्रशरवर कामाला होता. नेहमीच्या गोळ्यांना जंतू दाद देईनात, तेव्हा कानामायसिनची इंजेक्शने सुरू झाली. आठवड्याचे सहा दिवस, कित्येक महिने. त्यातच त्याचे कान गेले. वहिनी पाटीवर लिहायची आणि चौथी शिकलेला तो अक्षरे जुळवीत वाचायचा. बेडाक्विलिन नावाचे नवे प्रतिजैविक अमेरिकेत मंजूर होऊन तोवर दीड वर्ष झाले होते. घरातला एकमेव पदवीधर मी. मलाही ते ठाऊक नव्हते. ते मिळते तर तो वाचला असता असा माझा दावा नाही. मधला काळ गेला कुठे, एवढेच मला समजून घ्यायचे होते.

या औषधाचा शोध यान्सेन कंपनीच्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे अर्ज गेला जून २०१२ अखेर आणि मंजुरी मिळाली २८ डिसेंबर २०१२ ला. म्हणजे सरकारी टेबलावर गेले फक्त सहा महिने! गंभीर आजारावरच्या औषधाला तेथे अग्रक्रम मिळतो. एरवी अर्ज दाखल करून घेतल्यावर दहा महिन्यांची मुदत असते. खरा काळ जातो तो त्याआधी, माणसांवरच्या चाचण्यांत. आधी निरोगी माणसे, मग थोडे रोगी, मग पुष्कळ रोगी. ही माणसे कोण? बेडाक्विलिनच्या निर्णायक चाचणीचा पहिला टप्पा सगळाच्या सगळा दक्षिण आफ्रिकेतल्या रोग्यांवर झाला.

इथे घाईचा आग्रह धरणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी जरा थांबावे. ही मंजुरी तिसऱ्या टप्प्याची वाट न पाहता दिलेली होती. १६० रोग्यांच्या चाचणीत थुंकीतले जंतू लवकर नाहीसे झाले, एवढ्या आधारावर. पण त्याच चाचणीत औषध घेणाऱ्यांतले १० जण दगावले, न घेणाऱ्यांतले २. कारण उलगडले नाही. म्हणून औषधावर ठळक इशारा छापला गेला आणि पुढच्या पुराव्याची अट पडली. पूर्ण मंजुरी २०२४ साली मिळाली. हे कायदे कुणाच्या लहरीने आलेले नाहीत. १९३७ साली अमेरिकेत सल्फाचे एक औषध विषारी द्रवात विरघळवून विकले गेले. शंभरावर माणसे मेली, त्यांत लहान मुले पुष्कळ. तेव्हा १९३८ च्या कायद्याने सुरक्षिततेचा पुरावा मागितला, आणि थॅलिडोमाइडनंतर १९६२ साली गुणाचाही. त्याआधीचे स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले आणि तीन-चार वर्षांत बाजारात आले. कान घालवणारे कानामायसिन त्याच्याच कुळातले.

माझी तक्रार मंजुरीनंतरच्या काळाविषयी आहे. भारतात बेडाक्विलिनला सशर्त परवानगी मिळाली २०१५ साली. मार्च २०१६ मध्ये ते सुरू झाले ते देशभरात अवघ्या सहा केंद्रांवर. पाटण्याची एक अठरा वर्षांची मुलगी, दिल्लीची रहिवासी नाही म्हणून तिला ते नाकारले गेले. बापाला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. जानेवारी २०१७ मध्ये औषध मिळाले; २०१८ साली ती गेली. रहिवासाचा दाखला नाही म्हणून दारातून परत जाणे, हे आपल्या वाचकांना नव्याने समजावून सांगायला नको.

पुढे पेटंटाची भिंत. कंपनीने मुदतवाढीसाठी केलेल्या अर्जाला दोन तरुणींनी आव्हान दिले, एक मुंबईची आणि एक दक्षिण आफ्रिकेची. दोघींचे कान क्षयाच्या औषधांनीच गेलेले. मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने तो अर्ज फेटाळला आणि त्याच जुलैत मूळ पेटंट संपले. कानामायसिन मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ सालीच शिफारशीतून काढून टाकले होते.

२०२४ साली केंद्र सरकारने बेडाक्विलिनसह चार औषधांचा, इंजेक्शनविना सहा महिन्यांचा उपचार राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. तो सरकारी केंद्रात मोफत मिळतो. वस्तीत कुणाला क्षय निघाला तर जंतू रिफाम्पिसिनला दाद देतात की नाही ही चाचणी झाली का, हे पहिल्याच दिवशी विचारा. माझ्या भावाच्या बाबतीत ते आम्ही आठव्या महिन्यात विचारले.