‘पास आउट’ झालात म्हणजे काय झालात?

आपल्याकडचा इंजिनीअर झालेला मुलगा सहज सांगतो, ‘मी २०१०चा पासआउट.’ आपल्याला ते लगेच कळतं. पण ‘आय पास्ड आउट इन २०१०’ असं त्यानं लंडनच्या किंवा शिकागोच्या कंपनीला अर्जात लिहिलं, तर वाचणारा थबकतो. तिकडच्या रोजच्या बोलण्यात ‘पास आउट’ म्हणजे शुद्ध हरपणं, घेरी येऊन पडणं. जास्त झाल्यामुळे आडवं होणं, हेही त्यातच आलं! नोकरी मागताना सांगावी अशी ही गोष्ट नव्हे. तिथे सरळ ‘ग्रॅज्युएटेड’ लिहावं.

मग आपला अर्थ हवेतून आला का? तसंही नाही. ब्रिटिश लष्करात प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला हाच शब्द आहे. पुण्याजवळ खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतलं दीक्षान्त संचलन इंग्रजीत ‘पासिंग आउट परेड’च असतं. ३० मे २०२५ रोजी तिथून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, १७ जणींची. त्यांचं ‘पास आउट’ होणं लंडनमध्येही बरोबर ठरेल. आपण तोच शब्द कॉलेजलाही लावतो. भारतीय इंग्रजीत तो चांगला रुजला आहे आणि त्याला हिणवायचं मला तरी कारण दिसत नाही. पत्र कुठे जाणार आहे, एवढं मात्र बघावं.

इंग्रजीतली ही जोडक्रियापदं असतातच अशी. ‘पास’ला ‘अप’ जोडलं की चालून आलेली संधी सोडली जाते, ‘ऑन’ जोडलं की निरोप पुढे जातो. अमेरिकेतल्या शिक्षिका वर्गात कागद ‘पास आउट’ करतात, म्हणजे वाटतात. सुट्या शब्दांचे अर्थ जोडून काही हाती लागत नाही. आपल्याला याचं नवल वाटायला नको. मराठीत एखादी गोष्ट आपण ‘धरून चालतो’, तेव्हा हातात काही धरत नाही आणि पावलंही टाकत नाही. ‘उठून दिसणारी’ साडीसुद्धा कुठे उठलेली असते?

खरी काळजी घ्यायची ती ‘आउट’ आणि ‘अवे’ यांत. घरातलं वडीलधारं माणूस परदेशी मुलाकडे गेलेलं असतं आणि तिथल्या इस्पितळातून फोन येतो. ‘पास्ड आउट’ म्हणाले, तर घेरी आली होती. ‘पास्ड अवे’ म्हणाले, तर माणूस गेलं. ऐकू नीट आलं नसेल, तर इथल्या नातेवाइकांना कळवण्याआधी न लाजता पुन्हा विचारावं.